सत्तर हजार युरो आणि एक बंद घर

परवा पुण्याच्या मित्राचा मेसेज, "अरे तुमच्याकडे आयर्लंडमध्ये पडकं घर घेतलं की सरकार ७० हजार युरो देतं म्हणे?" रील बघितलं असणार. म्हटलं आता एकदाच लिहून टाकतो, कारण गेले आठ महिने मी आणि बायको याच भानगडीत आहोत आणि दर पार्टीत कोणीतरी हेच विचारतं.

तर हो, देतं. २०२२ च्या जुलैत स्कीम आली तेव्हा ३० हजार होते, मे २०२३ पासून रिकाम्या घराला ५० हजारांपर्यंत आणि अगदी मोडकळीला आलेल्याला ७० हजारांपर्यंत. (रक्कम वाढली तेव्हा इथले पंतप्रधान लिओ वराडकर होते, म्हणजे वडिलांकडून आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. माझ्या काकांना ही स्कीम त्यांनी खास आपल्या लोकांसाठी काढली असं वाटतं, मी आता समजावणं सोडून दिलंय.) घर किमान दोन वर्षं रिकामं असलं पाहिजे, २००७ किंवा त्याआधी बांधलेलं पाहिजे आणि काम झाल्यावर तुम्ही स्वतः तिथे राहायचं किंवा भाड्याने द्यायचं, नुसतं वीकेंडला जायचं घर चालत नाही. इथे २०२२ च्या जनगणनेत १ लाख ६६ हजारांवर घरं रिकामी निघाली आणि दुसरीकडे डब्लिनात भाड्याच्या एका खोलीला पन्नास जण लाईन लावतात, त्यामुळे सरकारला हे सुचलं यात नवल नाही.

पण रीलमध्ये जे सांगत नाहीत ते हे की पैसे काम झाल्यावर मिळतात. घर तुमच्याच पैशाने घ्यायचं, कौन्सिलचा (म्हणजे इथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेचा) माणूस येऊन बघणार, मंजुरी देणार, मंजुरीच्या आधी खिळा ठोकलात तर त्या कामाचे पैसे गेले, मग सगळं काम स्वतःच्या खिशातून करायचं, बिलं जमा करायची, माणूस परत येऊन बघणार आणि मग पैसे. म्हणजे ज्याच्याकडे लाखभर युरो पडून आहेत त्यालाच हे ५०-७० हजार मिळणार, बाकीच्यांनी काय करायचं? छप्पर नसलेल्या घरावर बँक लोन द्यायला कुरकुर करते. आम्ही क्रेडिट युनियन (इथली पतपेढी), बायकोचा बोनस आणि ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं असं काय काय जोडतोय. वर अजून एक, पाच वर्षांच्या आत घर विकलं तर सगळी ग्रँट परत, पाच ते दहामध्ये विकलं तर ७५ टक्के परत. म्हणजे दहा वर्षं तुम्ही त्या गावाचे.

आमचं घर म्हणजे दोन खोल्यांचं दगडी कॉटेज, मागे शेत. पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा एजंट बाहेरच थांबला, मला वाटलं फोन आलाय, नंतर कळलं वास. आत भिंतीवर येशूचं चित्र, त्याच्याखाली छोटा लाल दिवा, चुलीत राख तशीच, खुंटीला कोट. बायको एकदम गप्प झाली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आपल्या गावच्या घरात देवघर असंच आहे ना रे." असंच आहे. चिऱ्याचं घर, कौलं अर्धी खाली, कुलपाची किल्ली काकांकडे, आणि सातबारावर चौदा नावं.

पहिला अर्ज परत आला. कारण काय, तर विजेचं बिल. घर रिकामं आहे हे बिलावरून दाखवायचं असतं आणि विकणाऱ्याच्या पुतण्याने गोठ्यातल्या एका बल्बसाठी कनेक्शन चालू ठेवलं होतं! जुनी सगळी बिलं काढून, बाबांनो हा बल्ब आहे, माणूस नाही, हे पटवण्यात दीड महिना गेला. मग ७० हजारांसाठी घर धोकादायक आहे असा इंजिनिअरचा रिपोर्ट, तो झाला, तर छपरात वटवाघळं निघाली. इथे वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, हुसकावून लावता येत नाही, त्यांचा सर्व्हे करावा लागतो आणि संध्याकाळी ती बाहेर पडताना मोजायची म्हणजे उन्हाळ्याची वाट बघणं आलं. म्हणजे सध्या माझ्या घरात राहायचा हक्क माझ्यापेक्षा त्यांचा जास्त.

कॉन्ट्रॅक्टर म्हणत होता भिंतींना आतून सिमेंट मारून टाकू, स्वस्त पडेल. मी सहज व्हिडिओ कॉलवर काकांना भिंत दाखवली तर ते लगेच, "सिमेंट नको हां, चुनो लाव, भिंतीक श्वास घेवक व्हयो." आणि खरंच, नंतर जुन्या घरांचं काम करणारा एक आयरिश मिस्त्री भेटला तोही अक्षरशः तेच बोलला, सिमेंट मारलं की जुन्या दगडात ओल अडकते, चुनाच पाहिजे. चुन्याचं कोटेशन दीडपट आलंय पण तेच करणार.

ज्यांना करायचंय त्यांना एकच सांगतो, घर घ्यायच्या आधीच अर्ज टाका. व्यवहाराची बोलणी चालू आहेत याचा पुरावा दिला तर तत्त्वतः मंजुरी मिळते. आम्ही ते उलटं केलं. आणि टॅक्स क्लिअरन्स (कर थकलेला नाही असा दाखला) असलेलाच कॉन्ट्रॅक्टर घ्या, रोखीने करून देतो म्हणणाऱ्याकडे बघूही नका.

काकांनी कॉल ठेवताना विचारलं की असं काही आपल्याकडे मिळेल का, गावच्या घराला. मी म्हटलं काका, मिळालं तरी चौदा सह्या कोण आणणार. ते म्हणाले, "तेरा. आबा गेलो ना गेल्या महिन्यात."