आवळा खाऊन पंप सुटेल का?

"तुम्ही रसायनशास्त्र शिकवता, दमाही तुम्हाला लहानपणापासून. मग हा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आवळ्याने किंवा व्हिटॅमिन सीच्या गोळीने घालवून पंप का सोडत नाही?" माझ्या हातात दम्याचा पंप (इन्हेलर) दिसला की कुणी ना कुणी विचारतंच. काळजीनेच विचारता, म्हणून नीट सांगते.

यातला स्ट्रेस म्हणजे मनाचा ताण नव्हे; शरीरात बनणाऱ्या ऑक्सिजनच्या दाहक द्रव्यांचा मारा आपल्या संरक्षक द्रव्यांना न पेलणं, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. दमेकऱ्याच्या श्वासनलिकांना धाप नसतानाही सूज असते. अनेकांच्या त्या सुजेत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात. जंतांशी लढायची त्यांची हत्यारं म्हणजे सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्यापासून बनणारं हायपोब्रोमस आम्ल. इथे जंत नसतातच. मार बसतो नलिकेच्या अस्तराला. ग्लुटाथिओनसारखी आपली संरक्षक द्रव्यं पुरी पडत नाहीत, दुखावलेलं अस्तर आणखी पेशींना बोलावून घेतं आणि सूज वाढते. दमेकऱ्याचा उच्छ्वास गार नळीत धरून थेंब जमवले, तर त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त सापडतं. मुलांना बाटलीतून दाखवते तेच माझ्या श्वासातही आहे, हे प्रथम वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

बाहेरून भर पडते धुराची. लंडनमध्ये 60 दमेकऱ्यांना दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालवलं, जिथे फक्त डिझेलच्या बस आणि टॅक्सी धावत; दुसऱ्या एका दिवशी तेवढंच हाइड पार्क या बागेत. 2007 साली निष्कर्ष छापून आले. रस्त्यावर चालल्यावर पहिल्या सेकंदात जोराने सोडता येणारी हवा 6 टक्क्यांपर्यंत घटली, बागेपेक्षा जास्त. कफात मायलोपेरॉक्सिडेजही वाढलं. हे न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचं विकर (एन्झाइम), असेच दाहक पदार्थ घडवणारं.

मग गोळी का नाही? व्हिटॅमिन सी, सेलेनियम देऊन चाचण्या झाल्या. पंप सोडावा असा भरवशाचा फायदा दिसला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. गोळी तयार झालेलं पेरॉक्साइड निपटायला बघते, ते बनवणाऱ्या पेशी तिथेच राहतात. पंपातलं स्टेरॉइड त्या पेशींचीच गर्दी कमी करतं. फक्त घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर कृपा करून थांबवा. ओढणाऱ्या दमेकऱ्यावर तर स्टेरॉइडचाही असर कमी होतो.

एका डिसेंबरात मीही पंप बाजूला ठेवला होता. तिसऱ्या आठवड्यात रात्र रात्र उशीला टेकून बसून काढली. आता सकाळी आधी पंप, मग चूळ, मग मोरावळा.