‘नाही’वरची खूण

मी एका विमा ब्रोकरकडे दाव्यांचं काम बघतो. स्ट्रक्चरल ऑडिट करणारे बरेच इंजिनिअर आमच्यामार्फत प्रोफेशनल इंडेम्निटी, म्हणजे कामातल्या चुकीबद्दलच्या भरपाईची, पॉलिसी घेतात. 2019 मध्ये सीएसएमटीचा पादचारी पूल पडला आणि ऑडिटरला अटक झाली, तेव्हापासून ही मंडळी आधी अटकेचंच विचारतात. गुन्ह्याचा दंड विमा भरत नाही, हे सांगितलं की चेहरे उतरतात. भरपाईच्या दाव्याचं मात्र आम्ही सांभाळू, असं मी नेहमी म्हणतो. या प्रकरणापासून ते तितक्या ठामपणे म्हणवत नाही.

डोंबिवलीतली 1992 ची इमारत. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी ऑडिट, हा सोसायटीच्या उपविधीतला नियम. त्याप्रमाणे 2021 मध्ये ते झालं. पुढे एका जुलैत दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीचा तुकडा खाली बसणाऱ्या इस्त्रीवाल्याच्या खांद्यावर पडला. हाड मोडलं. त्याने सोसायटीकडे भरपाई मागितली आणि सोसायटीच्या वकिलाने ती ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरांच्या गळ्यात घातली : ऑडिटमध्ये हलगर्जी.

मी आधी रिपोर्ट वाचायला घेतला. मागच्या इमारतीचं नाव काढून नवं टाकलेले रिपोर्ट मी खूप पाहतो, त्यांची मला चीड आहे. हा तसा नव्हता. प्रत्येक बाल्कनीला वेगळं पान, फोटोवर खडूने काढलेली भेग. या बाल्कनीच्या काँक्रीटमधून सोडलेल्या अल्ट्रासोनिक पल्सचा, म्हणजे ध्वनिलहरीचा, वेग सेकंदाला 3 किलोमीटरच्या खाली, म्हणजे काँक्रीट संशयास्पद. फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन फवारल्यावर सळईपर्यंत कुठेही गुलाबी रंग नाही, म्हणजे गंजापासून वाचवणारं काँक्रीटचं कवच संपलेलं. शेरा सी-2बी, घरं रिकामी न करता दुरुस्ती. आणि ठळक अक्षरांत ‘ताबडतोब टेकू द्यावा, खाली कोणासही बसू देऊ नये.’ सोसायटीने टेकू दिला नाही. त्याच वर्षी दर्शनी बाजूला रंग मात्र काढला.

या विम्यात दावा ज्या दिवशी येतो त्या दिवसाची पॉलिसी बघतात, ऑडिटच्या दिवसाची नाही. फक्त काम रेट्रोॲक्टिव्ह डेटच्या, म्हणजे जिच्यापासूनचं काम विम्यात धरतात त्या तारखेच्या, नंतरचं हवं. मध्यंतरी प्रीमियम कमी म्हणून या इंजिनिअर साहेबांनी विमा कंपनी बदलली, तेव्हा जुनीच तारीख पुढे चालवा म्हणून मी नव्या कंपनीशी भांडलो होतो. त्यामुळे 2021 चं काम आत बसत होतं. दावा स्वच्छ आहे, असं मी धरून चाललो.

कंपनीचा सर्व्हेअर आला आणि त्याने साहेबांचा फोन मागितला. अपघाताआधीच्या फेब्रुवारीत सोसायटीच्या सेक्रेटरीचा मेसेज होता : ‘सर, त्या बाल्कनीची परत खपली पडली. वेळ मिळेल तेव्हा या.’ साहेबांचं उत्तर दहा मिनिटांत : ‘रिपोर्टप्रमाणे आधी टेकू लावा. इस्त्रीवाल्याला हलवा.’ पॉलिसीचं नूतनीकरण 1 एप्रिलचं. प्रपोजल फॉर्मवर प्रश्न होता : पुढे दावा होऊ शकेल अशी कोणतीही परिस्थिती आपल्याला माहीत आहे का? साहेबांनी ‘नाही’वर खूण केली होती. कंपनी म्हणते, माहीत होतं, लपवलं.

सोसायटीविरुद्ध साहेबांकडे मेसेजच्या त्या उत्तराइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. आणि तेच उत्तर विमा कंपनी त्यांच्याविरुद्ध लावते आहे. मेसेज न वाचता सोडून दिला असता, तर ‘माहीत नव्हतं’ म्हणता आलं असतं!

“अहो, असे मेसेज मला रोज येतात,” साहेब म्हणाले. “रोज विमा कंपनीला पत्र लिहीत बसू?” मला उत्तर देता आलं नाही. त्यांना इस्त्रीवाल्याला भेटून काही पैसे द्यायचे होते. तेही मी अडवलं, कारण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, अशी अट आहे. अट मला पाठ आहे. पण हात गळ्यात बांधलेल्या, धंदा बंद पडलेल्या माणसाकडे जाऊ नका, हे सांगताना जीभ जड झाली.

आता नूतनीकरणाआधी मी प्रत्येक इंजिनिअरला फोन चाळायला लावतो. एकाने अशा इमारतींची यादीच फॉर्मला जोडली. कंपनीने त्या सगळ्या इमारती पॉलिसीतून वगळल्या आणि प्रीमियम तेवढाच ठेवला. मग विमा कशाचा उतरवला, हा त्या इंजिनिअरचा प्रश्न मी कंपनीला लेखी विचारला आहे.