वर्गणी मागू नका, जाहिरात विका

कॉलेजच्या गॅदरिंगसाठी पैसे जमवायला मुलं बाजारात उतरतात ती हातात पावतीपुस्तक घेऊन, आणि घोटाळा तिथेच होतो. गणपती, नवरात्र, शिवजयंती, भीमजयंती, हरिनाम सप्ताह... पावतीपुस्तक दिसलं की आपल्याकडच्या व्यापाऱ्याचा हात आपोआप १०१ किंवा २५१ वर जातो. फारच ओळख निघाली तर ५०१. जाहिरातीचा खर्च तो वेगळ्या हिशेबाने करतो आणि तिथे ५,००० रुपयेसुद्धा त्याला जड जात नाहीत. म्हणून पावतीपुस्तक कॉलेजातच ठेवा. सोबत न्या प्राचार्यांच्या सहीचं, जावक क्रमांक टाकलेलं, एका पानाचं मराठी पत्र. त्यात तारीख, येणारी मुलं-मुली किती, व्यापाऱ्याला काय मिळणार आणि पैसे कुठे भरायचे, एवढंच हवं. संस्थेचा इतिहास नको.

आकडा फुगवू नका. १,२०० मुलं असतील तर १,२०० च लिहा. व्यापाऱ्याचा पुतण्या तुमच्याच कॉलेजात असतो.

कुणाकडे जायचं हे हंगामावर ठरतं. गॅदरिंग साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, अडत दुकानांत तुरीची आवक असते, पण अडत्याला कॉलेजच्या मुलांशी देणंघेणं नाही. त्याचं गिऱ्हाईक शेतकरी. कृषी सेवा केंद्राचा हंगाम जूनचा, जानेवारीत तिथे उधारी वसुलीची चिंता. खरा ग्राहक म्हणजे कोचिंग क्लास, अभ्यासिका, मेस, मोबाईलचं दुकान, कॅफे, जिम, फोटो स्टुडिओ आणि दुचाकीचं शोरूम. लातूर, नांदेड, संभाजीनगरात क्लासवाल्यांच्या नव्या बॅचची जाहिरात परीक्षांच्या आगेमागेच सुरू होते, त्यामुळे ज्युनिअर कॉलेज असेल तर पहिली फेरी त्यांच्याकडे. शोरूमवाल्याची नजर गुढीपाडव्यावर असते. शिवाय त्याच्या जाहिरातीतला काही वाटा पुष्कळदा कंपनी उचलते, त्यासाठी त्याला बिल आणि फोटो लागतात. कॉलेजकडे जीएसटी नंबर नसेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

आणि १९ फेब्रुवारीच्या आधीचा आठवडा टाळा. शिवजयंतीच्या वर्गणीने दुकानदार तेव्हा वैतागलेला असतो. कार्यक्रमाच्या आठ आठवडे आधी सुरुवात केली तर हा प्रश्नच येत नाही.

वेळही पाहा. बोहणी व्हायच्या आत पैशाचं बोलणं काढू नये. आठवडी बाजाराचा दिवस नको, संध्याकाळ नको. दुपारी १२ ते ४ बरी. काउंटरवरच्या पोराला सगळं समजावून सांगण्यात अर्थ नाही, "शेठ कधी भेटतील?" एवढंच विचारून निघा. दोघांनी जावं, पाचजण गेले की पुन्हा वर्गणीच वाटते.

दरपत्रक छोटं ठेवा. मध्यम गावातल्या कॉलेजला स्टेजच्या मागच्या फ्लेक्सवर मुख्य नाव २५,०००, एका स्पर्धेचं बक्षीस ३,०००, मैदानात टेबल टाकायची जागा २,०००, असं काहीतरी चालतं. टेबलची जागा स्वस्त ठेवावी, कारण मोबाईलवाल्याला मुलांशी थेट बोलायला मिळणं हे फ्लेक्सपेक्षा जास्त कामाचं. रोख नसेल तर वस्तू घ्या: पाण्याचे जार, ट्रॉफ्या, पत्रिकांची छपाई, ट्रॅडिशनल डेसाठी भाड्याचे कपडे. फक्त बजेटमध्ये जे आधीच लिहिलंय तेच घ्या. शंभर चावीच्या रिंगांनी मंडपवाल्याचं बिल भागत नाही.

एका धंद्यातला मुख्य प्रायोजक एकच. स्टेजवर दोन क्लासची नावं शेजारी लागली की दोघेही पुढच्या वर्षी गेले. मुलांच्या फोन नंबरची यादी कोणी मागितली तर नाही म्हणा. हवं तर टेबलवर क्यूआर कोड लावू द्या, ज्याला हवं तो स्वतः भरेल. पानमसाला-सुपारीवाले पटकन पैसे काढतात, पण ते नाव कॉलेजच्या आवारात नको. पुढाऱ्याचे पैसे सर्वांत महाग. फ्लेक्सवर त्यांचा फोटो प्राचार्यांपेक्षा मोठा होतो आणि भाषणात तुमच्या दोन एकांकिका वाहून जातात.

पैसे कॉलेजच्या खात्यातच, कोण्या सचिवाच्या वैयक्तिक यूपीआयवर अजिबात नाही. एकाच व्यक्तीला किंवा संस्थेला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त खर्च रोखीने केला तर आयकरात तो धरला जात नाही, हे व्यापाऱ्याला ठाऊक असतं; म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन. "देऊ की, काळजी करू नका" ही रक्कम हिशेबात धरू नये. निम्मे पैसे आल्याशिवाय नाव छापायला देऊ नका.

छपाईत हमखास घोळ लोगोचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिजिटिंग कार्डचा फोटो दहा फुटांच्या फ्लेक्सवर धूसर दिसतो. दुकानाचा बोर्ड ज्याने केला त्याच्याकडून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली, फाँट कर्व्ह केलेली (म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर केलेली) फाइल मागवा, नाहीतर दुसऱ्या मशीनवर मराठी अक्षरांची जिलेबी होते. प्रूफ मालकाला पाठवून लेखी "ओके" घ्या. रस्त्यावर फ्लेक्स लावायचा तर महापालिका किंवा नगरपरिषदेची परवानगी हवी; ती नसेल तर आवाराबाहेर लावायचं वचन देऊ नका.

आणखी एक कटकट: एकाच दुकानात सांस्कृतिक, क्रीडा आणि मॅगझिन असे तीन गट वेगवेगळे जातात. सगळ्यांसाठी एकच गुगल शीट ठेवा: दुकान, मालकाचं नाव, कोण गेलं, काय ठरलं, किती आले.

कार्यक्रमानंतर आठ दिवसांत गर्दीसकट फ्लेक्सचे तीन-चार फोटो आणि आभारपत्र दुकानात नेऊन द्या, सोबत पेढे असतील तर उत्तम. त्याच फोटोंची आणि शीटची एक फाइल नव्या सचिवाकडे मे महिन्याच्या आत सोपवा. जूनमध्ये जुना सचिव पुण्याला गेलेला असतो.