मान नको, काम द्या

आज वाचनालयात स्वयंसेवक म्हणून मुलांचं वाचन ऐकायला बसले. मूल मोठ्यानं वाचतं, आपण ऐकायचं. अडलं तरी लगेच शब्द सांगायचा नाही, थोडं थांबायचं. हे थांबणं आम्हा ज्येष्ठांना बरं जमतं. तरुण स्वयंसेवकांचा हात सारखा मोबाइलकडे जातो (रागवू नका, पाहिलं ते लिहिलं).

सोबत एक निवृत्त लेखापाल होते. आधीच्या संस्थेनं त्यांना पाहुण्यांना गुलाब द्यायला उभं केलं होतं! ज्येष्ठांना मान मिळतो, काम मिळत नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या प्राथमिक शाळांत ‘एक्सपीरियन्स कोअर’ उपक्रमातले ज्येष्ठ आठवड्याला १५ तास मुलांना शिकवायला मदत करत. याला म्हणतात काम.

कुणाला यायचं असेल तर आधी विचारा: काम बसून आहे का, जिने किती, जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार. मुलांबरोबर काम असेल तर ओळखपत्र, पडताळणी मागतील. मागायलाच हवी, त्यात अपमान कसला? गुडघे कुरकुरत असतील तर एकट्या राहणाऱ्यांची फोनवरून विचारपूस करायचंही काम असतं. माझ्या नणंदेनं ते घेतलंय. आता तिचा फोन कायम एंगेज!