उलटा लंबक आणि रीइन्फोर्समेंट लर्निंग: माझा अनुभव

बेळगावात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असताना प्रकल्पासाठी मी फुरुता लंबक निवडला. यात मोटर एक आडवा दांडा फिरवते, दांड्याच्या टोकाला लंबक मोकळा लोंबतो आणि केवळ दांडा हलवून त्याला वर उभे करायचे असते. कात्सुहिसा फुरुता यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेसाठी ऊर्जेच्या हिशेबावर चालणारी उत्तम पद्धत आधीपासून आहे, त्यामुळे मोटर चांगली असेल तर रीइन्फोर्समेंट लर्निंगची, म्हणजे बक्षीस आणि दंड यांवरून संगणकाने स्वतःच चुकत-माकत शिकण्याची, गरजच नाही, असे माझे मत आजही आहे. माझी मोटर मात्र जुन्या बाजारातली, गिअरची होती आणि दोन्ही दिशांना तिचे घर्षण वेगळे होते. बुश (आस बसवायची नळी) करून देणाऱ्या, उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या टर्नरकाकांनी दांडा हलवून पाहिला आणि विचारले, "काय रे, गिअरमध्येच एवढा प्ले हाय, आणि हे उभारतंय म्हणतोस?" प्ले म्हणजे दात्यांमधला ढिलेपणा.

सुरुवातीचे शिकणे म्हणजे नुसती धडपड असते आणि ती गिअरच्या दात्यांना सोसत नाही, म्हणून प्रशिक्षण संगणकावरील प्रतिरूपातच केले. जुना अनुभव पुन्हा वापरता येतो म्हणून सॉफ्ट ॲक्टर-क्रिटिक ही २०१८ ची पद्धत घेतली. खरा विचार करावा लागला तो बक्षिसाच्या रचनेचा. दांडा ठरावीक कोनापलीकडे गेला की वायर तुटू नये म्हणून फेरी, म्हणजे सरावाचा तो प्रयत्न, थांबवायची होती. पण प्रत्येक क्षणाला दंडच मिळत असेल, तर लवकर मर्यादा ओलांडून मोकळे होणे हाच शिकणाऱ्याला सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. म्हणून प्रत्येक क्षणाचे बक्षीस धन राहील असे ठेवले. लंबकाचा कोन थेट न देता त्याचे साइन आणि कोसाइन दिले, कारण पूर्ण फेरा होताना कोनाचा आकडा एकदम उडी मारतो.

प्रतिरूपात लंबक सहज उभा राहिला, खऱ्या यंत्रावर मात्र मोटर नुसती थरथरू लागली. कोन मोजणाऱ्या, फेऱ्याला ६०० पल्स देणाऱ्या एन्कोडरमधून चौपट मोजणीने २४०० पायऱ्या मिळतात, म्हणजे एक पायरी ०.१५ अंशाची, दर १० मिलिसेकंदांनी वाचन केले तर एका पायरीच्या फरकाने वेग सेकंदाला १५ अंशांनी बदललेला दिसतो. तेव्हा हीच खडबडीत मोजणी प्रतिरूपात घातली, प्रत्येक फेरीत घर्षण आणि विलंब थोडा थोडा बदलत ठेवला, आधीचे व्होल्टेज स्थितीच्या माहितीत जोडले आणि व्होल्टेज अचानक बदलण्यावर दंड लावला. थरथर बरीच ओसरली आणि लंबक वर जाऊ लागला.

उभे धरण्याचे काम मात्र मी शिकलेल्या पॉलिसीकडे, म्हणजे कोणत्या स्थितीत किती व्होल्टेज द्यायचे या शिकून तयार झालेल्या नियमाकडे, ठेवले नाही. उभ्या स्थितीच्या अगदी जवळ प्रणाली जवळजवळ रेषीय वागते, तिथे एलक्यूआर हा रेषीय प्रणालींसाठीचा गणिती नियंत्रक पुरतो आणि निदान रेषीय प्रतिरूपापुरते त्याचे स्थैर्य कागदावर दाखवता येते. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न याच स्थैर्यावर आला.