सिमेंट न वापरता डोंगरवाटेवर पाट्या रोवल्या, त्याची गोष्ट

डोंगरावरच्या देवीच्या वाटेला पाट्या लावायच्या, हे आमच्या गावात दर नवरात्रात ठरायचं आणि दसऱ्याला विसरलं जायचं. या वेळी वर्गणी आधीच गोळा झाली, त्यामुळे पळवाट उरली नाही. गाव पुरंदर तालुक्यातलं. खाली काळ्या रानात अंजीर-सीताफळाच्या बागा, मग मुरमाड चढ आणि माथ्यावर उघडा कातळ. वाटेला फाटे इतके की बाहेरून आलेला माणूस देवीला कमी आणि कुणाच्या तरी बागेत जास्त पोचतो.

ग्रामपंचायतीचा ठराव आणि वनखात्याची परवानगी यात वेळ गेला, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरा घोळ खांब कसे रोवायचे यावर झाला.

गवंड्याने अर्थातच काँक्रीट सांगितलं. एक फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा, म्हणजे दोन घनफूट माल. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याचं वजन सव्वाशे किलोच्या वर जातं. खडी, वाळू, सिमेंट हे सगळं डोक्यावरून वर न्यायचं, वर कालवायला पाणी न्यायचं आणि पुढे आठवडाभर ते भिजवत ठेवायचं. आमचा भाग पर्जन्यछायेतला, होळी झाली की टँकरची वाट बघणारा. बायकांनी सरळ विचारलं, खांबाला पाजायला पाणी कुठून आणणार? काँक्रीट तिथेच बाद झालं.

मग मोबाईलवरचे व्हिडिओ सुरू झाले. परदेशात पिशवीतली दोन द्रव्यं मिसळून खड्ड्यात ओततात, फेस फुगतो आणि काही मिनिटांत खांब घट्ट. सासवडला दुकानात मिळाला तो दारं-खिडक्यांच्या फटी भरायचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम. तो उन्हात पिवळा पडून भुगा होतो, शिवाय देवीच्या डोंगरात प्लॅस्टिक पुरायला कुणी तयार नव्हतं. जमिनीत पिळून घालायचे लोखंडी स्क्रूही असतात, पण आमच्या मुरमात हातभर खाली गेलं की दगड लागतोच. चुन्याचाही विचार झाला, पण त्यालाही पाणी हवंच.

गाडी रुळावर आणली माझ्या पुतणीने. ती सिव्हिलला शिकते. म्हणाली, काका, खड्ड्यात काय भरायचं ते नंतर बघू, आधी पाटीवर वारा किती जोर लावतो ते बघा. पुण्याकडच्या भागासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरतात. त्या हिशेबाने तीन बाय दोन फुटी पाटीवर पन्नास किलोच्या आसपास रेटा येतो, आणि तोही डोक्याच्या उंचीवर. पाटी दोन बाय एक केली तर तोच रेटा सतरा किलोंवर येतो. सरपंचांना मोठी पाटी हवी होती (वर्गणीदारांची नावं!). ती नावं शेवटी पायथ्याच्या कमानीवर गेली आणि वाटेवर फक्त बाण, ठिकाण आणि अंतर राहिलं. माझ्या मते अर्धं काम इथेच झालं.

खांब म्हणून 50 बाय 50 बाय 6 मिलिमीटरचा लोखंडी अँगल (काटकोनी पट्टी) घेतला, आठ फुटी. एकाचं वजन 11 किलो, एक माणूस खांद्यावर टाकून सहज वर नेतो. बुडाशी फूटभर लांबीचा तुकडा आडवा वेल्ड करून घेतला. हा आडवा तुकडा फार कामाचा. खांब वर उपसून निघत नाही आणि जागच्या जागी फिरतही नाही. आमच्याकडे म्हशी प्रत्येक उभ्या वस्तूला अंग घासतात, त्यामुळे हे लागतंच. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर फासलं, ते जमिनीच्या वर चार बोटं येईल इतकं, कारण गंज माती आणि हवा भेटते तिथेच आधी धरतो.

मुरमात काम सोपं होतं. खड्डा पहारेने अरुंद काढायचा, ऐसपैस खणायचा नाही, कारण न हललेली जमीनच खांब धरते. खोली अडीच फूट. वारा पाटीला पूर्वेकडे ढकलतो तेव्हा खांब जमिनीलगत पूर्वेला रेटतो आणि त्याचं बूड पश्चिमेला निसटू बघतं. म्हणून बुडाशी एका बाजूला आणि तोंडाशी त्याच्या समोरच्या बाजूला चपटे दगड ठोकून बसवायचे. पण वळवाच्या वाऱ्याचा भरवसा नाही, तो कुठूनही येतो. तेव्हा आम्ही खाली-वर दोन्हीकडे दगड घातले. ओळंबा (खांब सरळ उभा आहे का ते बघायची वजन बांधलेली दोरी) दोन बाजूंनी लावून मधल्या जागेत खडी आणि मुरूम, सहा-सहा इंचांचे थर. खडी फोडीव, कोनांची. ओढ्यातले गोल गोटे एकमेकांवरून घसरतात. मुरूम किंचित ओलसर हवा, मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि खाली टाकला तर फुटावा. एवढ्याला तांब्याभर पाणी पुरतं. मग धुमस, म्हणजे भराव ठोकून बसवायचं जड अवजार. सुरुवातीला आवाज भदभद येतो, थर बसला की टणक होतो आणि धुमस हाताला उलट झटका देते. तो झटका आल्याशिवाय पुढचा थर टाकायचा नाही.

काळ्या रानाने मात्र पिडलं. ही माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाभोवती बोटभर फट सोडते. तिच्यात काँक्रीट घातलं असतं तरी गोळ्यासकट कललं असतं. आम्ही शक्य तितक्या पाट्या बांधावर सरकवल्या. जिथे इलाज नव्हता तिथे खाली मुरूम लागेपर्यंत खणलं, निघालेली काळी माती परत घातलीच नाही, सगळा भराव बाहेरच्या मुरमाचा केला आणि वर उंचवटा ठेवला, म्हणजे पाणी खांबाशी साचत नाही.

माथ्यावर खणायचा प्रश्नच नव्हता. कातळात भोकं पाडायला जनरेटर वर चढवावा लागला असता. तिथे तीन-तीन फुटांचे दोन अँगल फुलीसारखे जोडून मधे खांब आणि त्याला तिरपे आधार दिले, नि फुलीवर दगड रचले. रचले म्हणजे ढीग घातला नाही. आमचे तात्या आयुष्यभर शेताच्या ताली (दगडी बांध) रचत आले, ते काठी घेऊन समोर बसले. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, दगडाची लांबी आत जाऊ द्यायची, प्रत्येक थर थोडा आत घ्यायचा आणि डुगडुगणाऱ्या दगडाखाली चिप मारायची. पोरांनी घाई केली की उतरवून पुन्हा लावायला लावायचे.

पावसाळा गेला. काळ्या रानातला एक खांब जरासा झुकला, तो वरचे थर उकरून, ओळंब्यात घेऊन पुन्हा ठोकला. बागेकडची गाडीवाट बदलली तेव्हा तिथली पाटी अख्खी उपटून नव्या फाट्यावर रोवली आणि तोच मुरूम, तीच खडी पुन्हा वापरली. पैसे गेले ते लोखंड, वेल्डिंग आणि रंगाचे. खडी शाळेच्या कुंपणाच्या कामातून उरलेली होती.

सध्या तक्रार वानरांची आहे. माथ्यावरच्या पाटीवर हुप्प्या येऊन बसतो आणि झोके घेतो. खांब जागचा हलत नाही, पण पाटीचे नट ढिले होतात. पुढच्या फेरीत तिथे हादऱ्याने ढिले न होणारे लॉक नट बसवणार आहोत.