नळाला प्रेशर नाही

पाणीपुरवठ्यात माझी ३१ वर्षं गेली. फोन उचलला की पलीकडून नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट एकच वाक्य यायचं, ‘नळाला प्रेशर नाही.’ त्यामुळे झोपेच्या डॉक्टरांनी कागदावर ‘दाब : ६ ते १४ सेंमी पाणी’ असं लिहिलं तेव्हा स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची, भीती बाजूलाच राहिली, मला हसू आलं. सेंटिमीटर? आम्ही दाब पाण्याच्या उंचीवरून, तोही मीटरमध्ये मोजणारी माणसं. कोथरूडमधल्या आमच्या चार मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याला १२ मीटर तरी दाब मिळतो, तरीही तिथली मंडळी कुरकुरतात. घरी येऊन उंच पेल्यात पाणी भरलं, त्यात स्ट्रॉ बुडवून फुंकलं. तळातून बुडबुडे निघाले. बस्स, एवढाच दाब. आणि त्यासाठी नाकात हवा सोडणारं सीपॅप मशीन विकत घ्यायचं?

मी घोरतो हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. नागपूरच्या स्लीपर बसमध्ये एकदा सहप्रवाशाने माझ्या बर्थवर टकटक करून ‘काका, कूस बदला’ असं सांगितलं होतं, तेव्हाही मी त्यालाच उद्धट ठरवून मोकळा झालो. हिची तक्रार मात्र घोरण्याची नव्हतीच. “घोरता ते घोरा हो, पण मधेच थांबता ना, तेव्हा मी मोजत बसते.” शेवटी मुलीने मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं. आधी करवत, मग एकदम काहीच नाही. घड्याळात २२ सेकंद. मग बुडता माणूस वर यावा तशी धडपड. तो माणूस मी होतो आणि मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं.

मग डोक्याला, छातीला वायरी लावून एक रात्र तपासणी झाली. तासाला ३८ वेळा श्वास अडतो, असं निघालं. ३० च्या वर गेलं की तीव्र म्हणतात. दुपारी जेवणानंतर जी गाढ झोप लागायची तिला मी आजवर पुणेरी संस्कार समजत होतो. तो तर रात्रीची थकबाकी वसूल करण्याचा प्रकार होता.

डॉक्टर चित्र काढून समजावू लागले आणि मी त्यांना मधेच थांबवलं. कारण हा बिघाड मी शेकडो वेळा पाहिला होता. लोक नळाच्या लाइनला थेट मोटर लावतात. जाड पाइप असेल तर ठीक, पण बागेचा मऊ हिरवा पाइप जोडलेला असला की मोटर ओढायला लागताच तो आतल्या आत चिकटतो. मोटर घूंघूं करते, पाणी शून्य. घशाचंही तेच. झोपेत स्नायू सैल पडतात, श्वास आत ओढला की नळी चिकटते, छाती ओढत राहते आणि हवा जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरला की मेंदू दचकून उठवतो, तेही आपल्याला कळू न देता. चिकटलेला पाइप उघडा ठेवायचा तर ओढून उपयोग नाही, आतून थोडा दाब धरावा लागतो. फार नाही. पेल्यातल्या पाण्याएवढा.

हे सुचलं सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांना, १९८० साली. त्याआधी अशा तीव्र रुग्णांच्या गळ्याला सरळ भोक पाडून श्वासनळी उघडत. यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली आणि हवा ओढण्याऐवजी नाकात सोडायला लावली. त्यावरचा लेख १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ओढणाऱ्या यंत्राला ढकलायला लावलं, एवढीच युक्ती, पण कुठल्याही फिटरने टोपी काढावी अशी.

माझं मशीन ऑटो आहे. प्रत्येक श्वासाचा प्रवाह ते बघत असतं. श्वासाचा आलेख वरून चपटा व्हायला लागला, म्हणजे घसा अरुंद होऊ लागला, घोरण्याची थरथर जाणवली, की हळूच दाब वाढवतं. उताणा झोपलो तर जास्त, कुशीवर वळलो तर कमी. नळी पाहून नातवाने पहिल्याच दिवशी ‘आजोबा गणपती झाले’ असं जाहीर केलं. तेव्हापासून ही रात्री दहाला म्हणते, “अहो, सोंड लावा.”

मास्कला बारीक भोकं पाहून पहिल्या रात्री मी बोट ठेवून ती बंद करायला निघालो होतो. गळती दिसली की हात शिवशिवतोच! पण ती मुद्दाम ठेवलेली गळती, सोडलेला श्वास बाहेर जावा म्हणून. हवा ओलसर करायच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर घाला असं सांगितल्यावर हिचा चेहरा पाहण्यासारखा होता. “खडकवासल्याचं पाणी याला चालत नाही?” क्षार साठतात म्हणून सांगितलं. तिने ते मनावर घेतलेलं नाही.

सकाळी पडद्यावर आकडे येतात. काल तासाला २.१ वेळा अडथळा. नोकरीत गळतीचा आकडा विचारला की आम्ही सगळे छताकडे बघायचो. इथे दशांशासकट हिशोब.

परवा गुरुवारी पाणी बंद होतं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात भेटले, लाइनला मोटर लावणाऱ्यांतले. मशीनची सगळी कथा ऐकून म्हणाले, “साहेब, असं ऑटो काही आपल्या नळाला बसवता येतं का?”

म्हटलं, “येतं. आधी तुमची मोटर काढा.”

शुक्रवारी पहाटे पाच वाजता, मास्कच्या फुसफुशीवर मात करून, ती सुरू झालेली ऐकू आली.